‘अपनाच आदमी है’ म्हणून छत गळायचं थांबत नाही

वारज्यात हायवेपासून आत, चालत सात-आठ मिनिटांवर आमची इमारत आहे. चार मजले, चोवीस फ्लॅट, त्यातले सतरा मुस्लिम कुटुंबांचे. नोव्हेंबर २०१८ मध्ये ताबा मिळाला आणि २०१९ च्या पहिल्याच पावसात चौथ्या मजल्यावरच्या सहाही घरांच्या छताला ओल आली. पुढच्या वर्षी बाथरूमचं पाणी खालच्या घरात उतरायला लागलं. तिसऱ्या वर्षी आमच्या अम्मीच्या पलंगापासून हातभर अंतरावर प्लास्टरचा परातीएवढा तुकडा पडला. ती नमाजसाठी उठली होती म्हणून वाचली. भोगवटा प्रमाणपत्र नाही, म्हणून महापालिकेचं कायम नळजोड नाही, म्हणून उन्हाळ्यात टँकर. टँकरचे पैसे अर्थातच आमचे.

बिल्डर आपल्यातलाच. त्याचं नाव लिहीत नाही, कारण मुद्दा एका माणसाचा नाही. त्याच्या जागी दुसरा असता तरी आम्ही असेच वागलो असतो. कसे वागलो? चार वर्षं गप्प बसलो. तक्रारीचा विषय निघाला की कुणीतरी चाचा म्हणायचे, “जाने दो बेटा, अपनाच आदमी है.” कुणी म्हणायचं, त्यानं मशिदीच्या वुजूखान्याला फरशी दिली आहे. कुणी म्हणायचं, जमातीतच बसून मिटवू. जमातीत बसलो. तीनदा बसलो. तिन्ही वेळा चहा झाला, बिल्डरनं छातीवर हात ठेवून शब्द दिला, आणि पावसाळा पुन्हा आमच्या घरात शिरला.

या लेखात मला एकच गोष्ट ठासून सांगायची आहे. आपल्या समाजात घर घेणाऱ्याचं सगळ्यात मोठं नुकसान सरकार करत नाही, बँक करत नाही, परका बिल्डरही करत नाही. ते ‘अपनाच आदमी’ या दोन शब्दांनी होतं. हे दोन शब्द ऐकले की आपण कागद मागत नाही, पावती मागत नाही, मुदत विचारत नाही. आणि फसल्यावर तक्रार करायचीही लाज वाटते.

आधी दुसरी बाजू, कारण ती खोटी नाही. आपल्याला हव्या त्या ठिकाणी घर मिळत नाही. फोनवर सगळं ठरतं आणि नाव सांगितल्यावर फ्लॅट अचानक ‘गेलेला’ असतो, हा अनुभव वाचणाऱ्यांपैकी अनेकांना असेल. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात मुस्लिमांना पसंतीच्या वस्तीत घर विकत किंवा भाड्यानं घेताना येणाऱ्या अडचणींची नोंद आहे. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात, सभासदत्व आपल्याच समाजापुरतं ठेवणारी पोटनियमातली अट मान्य केली. म्हणजे दार बंद करणाऱ्याला कायद्याचाही आधार सापडतो. या अन्यायाविरुद्ध बोललंच पाहिजे आणि आपण बोलतोही.

पण या बंद दाराचा फायदा कोण उठवतं, हे आपण बोलत नाही. ज्याला दुसरीकडे कुणी घर देणार नाही, तो गिऱ्हाईक घासाघीस करत नाही, हे आपल्या मोहल्ल्यातल्या बिल्डरला पक्कं ठाऊक असतं. तो म्हणतो, “बाहर कोई देगा नहीं, मैं दे रहा हूं.” आणि आपण त्याचे उपकार मानतो! बाहेरच्यानं नाकारलं म्हणून आतल्यानं लुबाडलं तर तो दिलासा होत नाही. ते एकाच माणसाचं दोनदा नुकसान आहे.

याची किंमत फक्त ओल आणि टँकर एवढीच नसते. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शिळफाट्याला बेकायदा बांधलेली इमारत कोसळली आणि ७४ माणसं गेली. वरचे मजले चढत होते आणि खाली लोक राहत होते. बिल्डरांबरोबर महापालिकेचे आणि पोलिसांचे अधिकारीही त्या प्रकरणात अटक झाले. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडच्या काजळपुऱ्यात तारिक गार्डन ही पाच मजली इमारत पत्त्यांसारखी बसली. १६ जणांचा जीव गेला. ती काही जुनाट वाडा नव्हती. जेमतेम दशकभराची होती. आपल्या पुण्यात, २९ जून २०१९ च्या पहाटे कोंढव्यात सोसायटीची भिंत मजुरांच्या झोपड्यांवर पडली आणि १५ जण गेले, त्यात लहान मुलंही होती. प्रत्येक वेळी आपण जनाज्याला गर्दी करतो, मदत गोळा करतो, दुआ करतो. सगळं योग्यच. पण इमारत उभी असताना, भेगा दिसत असताना कागद हातात घेऊन विचारणारा माणूस आपण ‘भांडखोर’ ठरवलेला असतो.

आता कायदा. यातलं निम्मं मला स्वतःला चार वर्षं माहीत नव्हतं. मी इंजिनीअर आहे, दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधले दोष शोधून, तारीखवार नोंदवून, दुरुस्त होईपर्यंत पाठपुरावा करायचा पगार घेतो. आणि स्वतःच्या घरातल्या दोषांची साधी यादीसुद्धा केली नव्हती. ही लाज मी उघड मान्य करतो, कारण तुमच्यापैकी अनेकांची गत तीच आहे.

रेरा, म्हणजे स्थावर संपदा कायदा, २०१६ चा. १ मे २०१७ पासून तो पूर्णपणे लागू आहे आणि महाराष्ट्रात त्याचं काम महारेरा बघतं. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरचा आणि आठपेक्षा जास्त फ्लॅटचा नवा प्रकल्प महारेराकडे नोंदवल्याशिवाय विकताच येत नाही. नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. घेतलेल्या पैशांतले सत्तर टक्के त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. ५१ टक्के फ्लॅट बुक झाले की तीन महिन्यांत सोसायटी स्थापनेचा अर्ज करणं बिल्डरवर बंधनकारक आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं कलम १४. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात, कामाच्या दर्जात किंवा सोयींत दोष आढळला आणि तो बिल्डरला कळवला, तर त्यानं तीस दिवसांत स्वखर्चानं दुरुस्ती करून द्यायची. नाही केली तर भरपाई. वर एक पैसा न घेता. आमच्या छताचं, बाथरूमचं, प्लास्टरचं सगळं उत्तर या एका कलमात होतं आणि आम्ही प्रत्येक पावसाळ्याआधी घरटी वर्गणी काढून गच्चीवर डांबर ओतत होतो.

पाच वर्षांचं हे घड्याळ ताब्याच्या दिवशी चालू होतं. जमातीच्या बैठकीनं ते थांबत नाही. बिल्डरच्या तोंडी शब्दानं थांबत नाही. हज करून आलो की बघतो, या वायद्यानंही थांबत नाही. आमच्या बिल्डरला हे नक्की माहीत होतं. तो नाही कधीच म्हणाला नाही. तो फक्त ‘पुढच्या महिन्यात’ म्हणत राहिला. नाही म्हणणारा बिल्डर परवडतो, माणूस चिडून तक्रार तरी करतो. गोड बोलून पाच वर्षं काढणारा जास्त महागात पडतो.

भोगवटा प्रमाणपत्राची गोष्ट वेगळी आहे आणि ती प्रत्येकानं लक्षात ठेवावी. मुंबईतल्या समृद्धी सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सभासदांनी १९९७ च्या सुमारास घरं घेतली. बिल्डरनं भोगवटा प्रमाणपत्र आणलंच नाही. त्यामुळे मालमत्ता कर २५ टक्के आणि पाणीपट्टी ५० टक्के जास्त भरावी लागत होती. १९९८ पासून संस्था ग्राहक आयोगात लढली. २०१४ मध्ये राज्य आयोगानं चार महिन्यांत प्रमाणपत्र आणायचा आदेश दिला, तरीही ते आलं नाही. जास्तीचे भरलेले पैसे मागितले तेव्हा राष्ट्रीय आयोग म्हणाला, मुदत संपली. पण ११ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की प्रमाणपत्र न देणं ही सेवेतली त्रुटी आहे आणि प्रमाणपत्र मिळत नाही तोवर ती रोज नव्यानं घडते, त्यामुळे मुदत संपल्याची सबब चालणार नाही. म्हणजे तुमच्या इमारतीला वीस वर्षं झाली आणि भोगवटा नसेल, तरी दार बंद झालेलं नाही.

मात्र इथं आपलीही चूक आहे. महाराष्ट्रात १९६३ पासून मोफा हा फ्लॅट मालकी कायदा आहे. त्यात लिहिलं आहे की पूर्णत्वाचा दाखला मिळाल्याशिवाय बिल्डरनं ताबा देऊ नये, आणि त्याच वाक्यात पुढे आहे की कुणी ताबा घेऊही नये. आमच्या अब्बांनी घेतला. किल्ली हातात आल्याच्या आनंदात एका छापील कागदावर सहीही केली: बांधकामाबद्दल आमची कोणतीही तक्रार नाही. कायद्यानं दिलेला हक्क बिल्डरच्या छापील ओळीनं पुसला जात नाही. बिल्डरच्या बाजूनं झुकलेले एकतर्फी करार ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असं सर्वोच्च न्यायालय २०१९ मध्येच म्हणालं आहे. पण ती ओळ माणसाच्या मनात भीती घालते. अब्बा तीन वर्षं म्हणत राहिले, “मी सही केलीय रे, आता कुठल्या तोंडानं बोलणार?” ती सही न्यायालयात फारशी चालली नसती. आमच्या घरात मात्र ती तीन वर्षं चालली.

आता आपल्या समाजाचा खास प्रश्न, व्याजाचा. आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबं बँकेचं गृहकर्ज घेत नाहीत. हा त्यांच्या श्रद्धेचा निर्णय आहे आणि मी त्याचा आदर करतो. आमच्या अब्बांनीही घेतलं नाही. गावची जमीन विकून, दागिने मोडून, भावांकडून हातउसने घेऊन त्यांनी पैसे भरले. पण कर्ज देणारी बँक स्वतःच्या भीतीपोटी एक काम करते. वकिलाकडून जमिनीच्या मालकीचा जुना शोध घेते, मंजूर नकाशा बघते, करार नोंदवून घेते, बांधकामाच्या टप्प्याप्रमाणेच पैसे सोडते. आपण बँक टाळली आणि तिच्याबरोबर ही सगळी तपासणीही टाळली. कर्ज नाकारा, चौकशी नाकारू नका. पंचवीस-तीस लाखांचं घर घेणारा माणूस वकिलाचे काही हजार वाचवतो आणि वर त्याला साधेपणा म्हणतो!

आणि रोख रक्कम. करारात वीस लाख आणि हातात आठ लाख, हा हिशेब आपल्याकडे सर्रास चालतो. बिल्डर म्हणतो, स्टँप ड्युटी वाचेल. पण प्रकल्प रखडला, पैसे व्याजासह परत मागायची वेळ आली, तर कायदा कागदावरच्या वीस लाखांनाच ओळखतो. ते आठ लाख तुम्ही दिलेच नव्हते! अर्धा सौदा अंधारात करायचा आणि पुढे उजेडातला न्याय मागायचा, हे जमत नाही. नोटरीच्या कागदावर घेतलेला गुंठा-दीड गुंठा आणि त्यावरची चार मजली इमारत यांचंही हेच. नोटरी सही खरी असल्याचं सांगतो, मालकी खरी असल्याचं नाही.

यात सगळ्यात कडवट विनोद आम्हाला २०२२ मध्ये कळला. जमिनीचं अभिहस्तांतरण, म्हणजे कन्व्हेयन्स, बिल्डर करून देत नव्हता. जमीन सोसायटीच्या नावावर करायला मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग आहे, जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करायचा. त्यासाठी कागद काढले तर जमिनीवर एका वित्तसंस्थेचा बोजा! बिल्डरनं प्रकल्पावर कर्ज उचललं होतं. व्याज नको म्हणून आम्ही बँकेचं तोंड पाहिलं नाही, आणि आमच्याच हप्त्यांतून तो त्याच्या कर्जाचं व्याज फेडत होता. न फेडलेला भाग आमच्या पायाखालच्या जमिनीवर बसला होता.

इथंही रेराचं कलम ११ आहे. फ्लॅटचा करार झाल्यानंतर बिल्डरला तो फ्लॅट गहाण टाकता येत नाही, आणि टाकलाच तरी घेणाऱ्याच्या हक्काला धक्का लागत नाही. म्हणून तारीख महत्त्वाची: बोजा आधीचा की कराराच्या नंतरचा? आधीचा असेल तर करारापूर्वीच वित्तसंस्थेचं ना-हरकत पत्र मागा. सातबाऱ्याचे इतर हक्क, मालमत्ता पत्रक, महारेराच्या संकेतस्थळावरचा प्रकल्पाचा बोजांचा तपशील, हे सगळं घरबसल्या बघता येतं. अमेरिकेत काम करणारे माझे सहकारी सांगतात की तिथं ठेकेदारानं प्लंबरचे पैसे थकवले तर तो प्लंबर थेट तुमच्या घरावर बोजा चढवू शकतो, तुम्ही ठेकेदाराला पूर्ण पैसे दिलेले असले तरी. म्हणून तिथला शहाणा घरमालक प्रत्येक हप्त्याबरोबर ‘आमचं काही येणं राहिलं नाही’ असं लिहून घेतो. कायदा वेगळा, शहाणपण तेच: पैसे देताना कागद घ्या.

मला माहीत आहे, काहीजण म्हणतील की आपल्या माणसाला कोर्टात खेचणं दीनमध्ये बसत नाही, सब्र करावा. मी आलिम नाही. पण जे सगळ्यांना माहीत आहे तेच आठवून देतो. कुरआनची सगळ्यात लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, कशाबद्दल आहे? उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल, लिहिणाऱ्याबद्दल, साक्षीदारांबद्दल. एक पूर्ण सूरह, अल-मुतफ्फिफीन, माप मारणाऱ्यांच्या इशाऱ्यानं सुरू होते. सुपर बिल्टअपच्या नावाखाली जिना आणि लिफ्टही आपल्याला विकणारा, सहाशे सांगून साडेचारशे देणारा, यापेक्षा वेगळं काय करतो? रेरानं चटईक्षेत्र, म्हणजे कार्पेट एरिया, सांगणं सक्तीचं केलं, ते चौदाशे वर्षांपूर्वीच्या त्या तक्रारीचंच उत्तर आहे.

प्रेषित मुहंमद (स.) बाजारात धान्याच्या ढिगात हात घालतात आणि आत ओल लागते, ही हदीस आपण लहानपणी मदरशात ऐकली आहे. व्यापारी पावसाचं कारण सांगतो. त्याला विचारलं जातं की मग ओला माल वर का ठेवला नाहीस, लोकांना दिसला असता. आणि फसवणारा आपल्यातला नाही, असं स्पष्ट बजावलं जातं. आता आमचं छत आठवा. आत ओल, वर दोन हात ऑइलबाँड. ज्या निकषावर माणूस ‘आपल्यातला’ राहत नाही, त्याच माणसाला आपण ‘अपनाच आदमी’ म्हणून पाठीशी घालतो! फिकहमध्ये खियार-ए-ऐब आहे: लपवलेला दोष निघाला तर सौदा मोडायचा हक्क घेणाऱ्याला आहे. कलम १४ वाचून मला तर ते ओळखीचंच वाटलं.

आणि मक्केतला हिल्फुल फुजूल करार? यमनहून आलेल्या एका व्यापाऱ्याचा माल मक्केच्या सरदारानं घेतला आणि पैसे बुडवले. काही लोक एकत्र आले आणि जुलूम कुणावरही झाला तरी त्याच्या बाजूनं उभं राहायचं ठरवलं. तरुण मुहंमद (स.) त्यात होते, आणि पुढे प्रेषित झाल्यावरही त्यांनी त्या कराराचा अभिमानानं उल्लेख केला. गंमत बघा: फसवणारा मक्केचा, कुरैशांपैकी, म्हणजे अगदी ‘अपनाच आदमी’. फसलेला परका. तरी ते परक्याच्या बाजूनं उभे राहिले. मग सब्र म्हणजे काय? न्याय मिळेपर्यंत न थकणं. तारखेला हजर राहणं, कागद सांभाळणं, शेजाऱ्याला पुन्हा पुन्हा समजावणं, हा सब्र आहे. छत अंगावर पडायची वाट बघणं हा सब्र नव्हे.

‘शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण मराठीत आहे, आणि ती अनुभवातून आलेली आहे हेही मान्य. महारेरानं आदेश दिला की लगेच पैसे हातात पडतात, असं मी सांगणार नाही. वसुलीचं वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं, जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली व्हायची असते, आणि तिथं ते महिनोन्‌महिने पडून राहू शकतं. समृद्धीची लढाई चोवीस वर्षांची आहे, हे वर लिहिलंच आहे. पण दुसरी बाजूही मांडा. तक्रार केली की ती महारेराच्या संकेतस्थळावर त्या प्रकल्पाच्या नावासमोर दिसते. बिल्डरच्या पुढच्या प्रकल्पाचं गिऱ्हाईक ती वाचतं. आदेशाविरुद्ध अपील करायचं तर बिल्डरला आधी रक्कम जमा करावी लागते. म्हणजे पायरी चढल्यावर तोल थोडा तरी बदलतो. न चढता तो कधीच बदलत नाही.

आमचं काय झालं ते सांगतो. २०२२ मध्ये बिल्डरच्या सहकार्याशिवायच सोसायटी नोंदवली. जुलै २०२३ मध्ये मी ताब्याची पावती बाहेर काढली आणि कळलं की पाच वर्षं संपायला चार महिने उरलेत. दोन रविवार घरोघर फिरून दोषांची यादी केली: फोटो, तारीख, खोली, कितवा पावसाळा. स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून तपासणी करून घेतली. मग सभा. चोवीसपैकी तेरा घरं तक्रारीच्या बाजूनं, सात विरोधात, चार गैरहजर. विरोधातल्या सातांपैकी पाच आमच्या जमातीतली होती. एकानं मला जिन्यात थांबवून विचारलं, “आपल्याच माणसाची इज्जत का घालवतोस?” मी विचारलं, गेल्या पावसात तुमच्या मुलाची वह्या-पुस्तकं भिजली ती कुणाची इज्जत होती? ते बोलायचे बंद झाले. ईदला भेटलो नाही. हे दुःख आहे, ते लपवत नाही.

ऑगस्टमध्ये लेखी नोटीस, ऑक्टोबरमध्ये महारेराकडे तक्रार. फी पाच हजार रुपये. चोवीस घरांत घरटी दोनशे आठ. दरवर्षीच्या डांबराच्या वर्गणीपेक्षा कमी! पहिल्या सुनावणीआधीच बिल्डर गच्ची पुन्हा करून द्यायला तयार झाला. या वेळी छातीवर हात नको म्हणालो, लिहून द्या. लिहून दिलं, २०२४ च्या मेमध्ये काम झालं, आणि त्या पावसाळ्यात चौथा मजला पहिल्यांदा कोरडा राहिला. भोगवट्याचा आणि बोजाचा प्रश्न अजून लढतो आहोत. टँकर अजून येतो. जिंकलो असं म्हणत नाही. पण चार वर्षांच्या चहानं जे झालं नाही ते दहा महिन्यांच्या कागदानं झालं.

म्हणून काही स्पष्ट मागण्या. जमातींकडे: मध्यस्थी जरूर करा, पण लेखी करा, तारीख घाला, आणि बिल्डर चुकला तर घरमालकाला तक्रार करायला स्वतः सांगा. मशीद आणि मदरशांच्या विश्वस्तांकडे: ज्या बिल्डरच्या इमारतींना भोगवटा नाही, त्याची देणगी घेताना त्याला आधी तो प्रश्न विचारा. टँकरचं पाणी विकत घेणाऱ्यांच्या पैशांतून आलेली वुजूखान्याची फरशी आपल्याला चालते का, याचा विचार करा. खतीबांकडे: जुम्याला एकदा तरी माप आणि करार या विषयावर बोला.

आणि तरुण दोस्तांनो, तुमच्याकडे. आपल्यात आता वकील आहेत, सिव्हिल इंजिनीअर आहेत, आर्किटेक्ट आहेत, संगणकावर सातबारा काढणारी तर घरोघरी आहेत. प्रत्येक मोहल्ल्यात महिन्यातून एक रविवार टेबल टाका. घर घेणाऱ्यानं पैसे देण्याआधी कागद घेऊन यावं: महारेराचा क्रमांक, मंजूर नकाशा, बोजा, कराराचा मसुदा. घर घेतलेल्यानं ताब्याची पावती घेऊन यावं आणि पाच वर्षांतली किती उरली ते मोजून जावं. याला ना निधी लागतो ना परवानगी. आपल्याला बाहेर घर नाकारणाऱ्यांशी भांडायची ताकदही इथूनच येईल. आतल्या अन्यायापुढे मान खाली घालणारा बाहेरच्यापुढे ताठ उभा राहू शकत नाही.

आज घरी गेल्यावर एक काम करा. अब्बांच्या कपाटातली ती फाइल काढा. ताब्याची तारीख बघा आणि त्यात पाच मिळवा.